गृहपाठाचा कर्ता
हिंगोलीतील एका माडीवरून केलेली आठवडी इतिहास-व्याकरणाची चिकित्सा

मराठी व्याकरणात कर्त्यावरून जेवढी भांडणे झाली तेवढी भावाभावांत बांधावरूनही झाली नसतील. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापले, १९११ साली मोरो केशव दामल्यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा जाडजूड ग्रंथ लिहून आधीच्या बहुतेकांची झाडाझडती घेतली, आणि पुढे कृष्ण श्रीनिवास अर्जुनवाडकरांनी या सगळ्या वादांचाच एक स्वतंत्र ग्रंथ केला. रामाने रावणाला मारले, यात राम नेमका कोण, यावर पिढ्यान्‌पिढ्या विद्वान झुंजले. मात्र दर रविवारी संध्याकाळी महाराष्ट्रातल्या घराघरांत जी वस्तू तयार होते, त्या गृहपाठाचा कर्ता कोण, या प्रश्नाला त्यांतल्या एकानेही हात घातला नाही. ही उणीव भरून काढण्याचा प्रस्तुत संशोधकाचा इरादा आहे.

संशोधनाचे क्षेत्र हिंगोली जिल्हा. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ हे त्याचे पाच तालुके. पैकी प्रत्यक्ष पाहणी हिंगोली शहरातल्या एका घराची झाली, कारण संशोधक त्याच घराच्या माडीवर भाड्याने राहतो आणि खालच्या खोलीतले सगळे त्याला ऐकू येते. नमुना फार लहान आहे असा आक्षेप येईल. पण अख्खा हिंगोली जिल्हाच परभणी जिल्ह्यातून १ मे १९९९ रोजी काढलेला नमुना आहे. लहान आहे म्हणून त्याला कोणी खोटे म्हणत नाही.

या घरात एक शाळा चालते. विद्यार्थी एक : चिरंजीव, वय बारा, अभ्यास सातवीचा. शिक्षिका एक : त्यांच्या मातोश्री, डी.एड. झालेल्या, पण शिक्षकभरतीची वाट पाहता पाहता वयोमर्यादेच्या काठावर आलेल्या. पर्यवेक्षक म्हणून आजी. वडील हळदीच्या अडतीवर मुनीम असल्याने ते वित्त विभाग. या शाळेचा उगम २०२० च्या टाळेबंदीत आहे. त्या वर्षी सरकारने ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ म्हणत फोनवर अभ्यास धाडायला सुरुवात केली, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागली, आणि नोव्हेंबरपासून ‘स्वाध्याय’ या नावाने दर आठवड्याला व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्न येऊ लागले. यथावकाश शाळा उघडल्या आणि सगळी मुले परत गेली. या घरात मात्र घरच्या शाळेची गोडी लागली. ती चिरंजीवांना नव्हे, मातोश्रींना. आता चिरंजीव पुढेमागे राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाकडून आठवीच्या पातळीची परीक्षा देणार आहेत. सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी शिक्षणहक्काचा कायदा २०१० पासून लागू आहे आणि घरातली शाळा त्यात नेमकी कुठे बसते हा वकिलांचा विषय आहे. आमचा विषय वही.

ही वही दोनशे पानी असून डाव्या पानावर इतिहास आणि उजव्या पानावर व्याकरण, अशी तिची मांडणी आहे. सोमवारी काम दिले जाते, रविवारी तपासले जाते. मधल्या सहा दिवसांच्या तारखा प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात व्यवस्थित टाकलेल्या आहेत. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणाप्रमाणे सहावी ते आठवीच्या मुलांना रोज फार तर एक तास, म्हणजे आठवड्याला पाच-सहा तास गृहपाठ असावा. तारखा पाहता चिरंजीव या धोरणाचे कडवे पुरस्कर्ते वाटतात. पण सहाही दिवसांची शाई एकच, अक्षराचा कल एकच, आणि शनिवारच्या पानापर्यंत पोचता पोचता लेखकाला आलेला कंटाळाही एका बैठकीचा. (खोडरबर शोधण्याचा वेळ तासात धरायचा का, याविषयी धोरण गप्प आहे. या घरापुरते बोलायचे तर तो धरला तर धोरणाचा भंग होतो आणि न धरला तर गृहपाठच उरत नाही.)

इथून पुढे उत्खननाला सुरुवात होते. वहीत किमान तीन थर सापडतात.

पहिला थर ‘ळ’ या अक्षरावरून ओळखता येतो. चिरंजीवांचा ‘ळ’ हा दोन स्वतंत्र वर्तुळांचा, एकमेकांशी अबोला धरलेला. मातोश्रींचा ‘ळ’ एका झटक्यात काढलेला आणि शेवटी खाली लहानसा हिसका असलेला, डी.एड.च्या फळालेखनातून आलेला. ‘देवगिरीच्या यादवांचा काळ’ या तीन ओळींच्या उत्तरात सुरुवातीचे दोन ‘ळ’ अबोला धरून आहेत आणि त्यानंतरच्या सगळ्यांना हिसका आहे. म्हणजे यादवांच्या राजवटीच्या मध्यावर कधीतरी सत्तांतर झाले.

दुसरा थर हळदीचा. वहीच्या बऱ्याच पानांवर पिवळे डाग आहेत. हळद स्वयंपाकघरात बारा महिने असते, तेव्हा यावरून काळ ठरवता येणार नाही, असे कोणी म्हणेल. आम्हीही आधी तसेच म्हटले. पण फोडणीच्या हळदीचा डाग तेलकट असतो, त्याला कडा असते. वहीवरचे डाग कोरडे, भुकटीचे आणि बोटांच्या ठशांसह आहेत. ते अडतीवरून घरी आलेल्या माणसाचे. आमच्याकडे हळद जानेवारीपासून पुढे काढतात, शिजवतात, वाळवतात, आणि तिची आवक वाढली की वडिलांची बोटे धुऊनही पिवळी राहतात. (वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. गृहपाठाच्या कालनिर्णयातील तिच्या उपयोगाची दखल मात्र अर्जात घेतलेली नसावी.) आता ‘दि. १८ ऑगस्ट’ अशी तारीख असलेल्या पानावर मार्चच्या हळदीचा अंगठा उठला असेल, तर ऑगस्टचा गृहपाठ मार्चमध्ये झाला आणि त्यात वित्त विभागाचाही हात होता, हे सिद्ध होते.

तिसरा थर सगळ्यांत जुना आणि आमच्या मते सर्वांत मोलाचा. काही पानांवर मधूनच ‘नांव’, ‘गांव’, ‘कांहीं’, ‘नाहीं’ अशी अनुस्वारांची पखरण दिसते. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ साली आले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडली, आणि जे अनुस्वार उच्चारात ऐकू येत नाहीत त्यांना रजा मिळाली. तेव्हा ‘कांहीं’ लिहिणारा हात १९६२ च्या आधी घडलेला असला पाहिजे. या घरात असा हात एकच आहे, आणि दुपारी मातोश्री भाजी आणायला गेल्या की तो वहीवर चालतो. आजी शाळेत गेल्या नाहीत. मोठ्या भावाने त्यांना घरीच पाटीवर शिकवले. म्हणजे घरात शिकण्याची परंपरा टाळेबंदीत सुरू झाली हे मातोश्रींचे म्हणणे टिकत नाही. मातोश्री लाल शाईने आजींचे अनुस्वार खोडतात आणि समासात ‘नियम ४’ असे लिहितात. सासूची चूक सुनेने लाल शाईने दाखवावी, अशी सोय मराठवाड्यात याआधी कोणत्याही संस्थेने करून दिली नव्हती.

आता व्याकरणाकडे. शाळेत प्रयोग तीन शिकवतात. कर्तरीत क्रियापद कर्त्याच्या ताब्यात असते, कर्मणीत कर्माच्या, आणि भावेत ते कोणालाच जुमानत नाही. ‘मुलगा गृहपाठ लिहितो’ हा कर्तरी. वर्तमानकाळात मुलगा अजूनही कर्ता आहे, याची नोंद घ्यावी. पण भूतकाळ आला की ‘मुलाने गृहपाठ लिहिला’. इथे क्रियापद मुलाला सोडून गृहपाठाच्या मागे जाते. ‘मुलीने गृहपाठ लिहिला’, ‘आईने गृहपाठ लिहिला’, ‘आजीने गृहपाठ लिहिला’. क्रियापद जागचे हलत नाही. गृहपाठ कोणी लिहिला याच्याशी त्याला कर्तव्य नाही, तो लिहिलेला असला की झाले. भाषा घडवणाऱ्यांनी गृहपाठ डोळ्यांपुढे ठेवूनच ही योजना केली असावी.

कर्मणीचे पोटप्रकार तर जणू या घरातल्या रविवारचे वेळापत्रक आहेत. दुपारी चारला ‘माझ्याकडून आता गृहपाठ लिहवत नाही’ हा शक्य कर्मणी. रात्री नऊला ‘त्याचा गृहपाठ लिहून झाला’ हा समापन कर्मणी. यात कर्ता षष्ठीत जाऊन बसतो, म्हणजे गृहपाठ त्याचा आहे एवढेच कबूल केले जाते, लिहिला कोणी ते सांगितले जात नाही. मातोश्री आपल्या बहिणीला फोनवर हेच वाक्य सांगतात आणि त्यात एका अक्षराचेही खोटे नसते. सोमवारी सकाळी ‘गृहपाठ पूर्ण केला गेला’ हा नवीन कर्मणी, जो सरकारी अहवालांत फार आढळतो. पुराण कर्मणी, ‘करिजे’, ‘लिहिजे’ असा, हल्ली फक्त आजींच्या पोथीत उरला आहे. गृहपाठाच्या बाबतीत तो घरात कोणी वापरत नाही.

दामल्यांनी ज्यांची बारकाईने चर्चा केली त्या संकर प्रयोगांतही हे कुटुंब पारंगत आहे. ‘तू गृहपाठ लिहिलास’ यात क्रियापद एका टोकाने गृहपाठाला आणि दुसऱ्या टोकाने ‘तू’ला धरून असते. हा कर्तृ-कर्म संकर मातोश्री फक्त पाहुण्यांसमोर वापरतात. ‘तू काल लिहायचं होतंस’ हा कर्तृ-भाव संकर दर रविवारी. आणि ‘आईने मुलाला शाळेत घातला’ हे कर्म-भाव संकराचे ठरीव उदाहरण वहीत आले तेव्हा चिरंजीवांनी त्यापुढे ‘कुठल्या?’ असा प्रश्न लिहिला. त्याला गुण मिळाले नाहीत. आमच्या मते मिळायला हवे होते.

मात्र खरा पुरावा वहीत नाही, बोलण्यात आहे. मराठवाड्याच्या बोलीत, लातूर-नांदेडकडे तर सर्रास आणि आमच्या वसमतच्या अंगानेही, माणसे ‘मी काम केलो’, ‘मी पाणी पिलो’, ‘मी भाकर खाल्लो’ असे म्हणतात. पुण्याच्या पुस्तकात ‘मी काम केले’, ‘मी भाकर खाल्ली’. पुस्तकात भाकरीला मान, इथे खाणाऱ्याला. आमच्या बोलीने कर्मणीची सगळी गुंतागुंत बाजूला सारून भूतकाळातही क्रियापदाची वेसण कर्त्याच्या हाती दिली. व्याकरणकार याला अशुद्ध म्हणतात. पण जबाबदारी घेण्याच्या दृष्टीने पाहिले तर जगात इतकी सरळ बोली विरळा. ‘मी केलो’ म्हणणाऱ्याला पळवाट नाही, त्याच्या ‘लो’वर त्याचा अंगठा उठलेला असतो.

एका रविवारी खालच्या खोलीतून पुढील संवाद ऐकू आला. तो कानावर आला तसा देत आहोत.

“अभ्यास केलास का?”

“मी केलो.”

“केलो नाही, केला म्हण.”

“मी केला.”

“आता बरोबर. कोणी केला?”

यानंतर बराच वेळ शांतता होती. या शांततेचे व्याकरण असे : चिरंजीवांनी प्रथम कर्तरीत कबुलीजबाब दिला. मातोश्रींनी शुद्ध भाषेच्या नावाखाली तो कर्मणीत नेला, म्हणजे कबुलीजबाबातून कबूल करणाराच काढून टाकला, आणि लगेच कर्ता कोण असे विचारले. कोणत्याही न्यायालयात हे चालले नसते. तेवढ्यात आजी म्हणाल्या, “कामून त्याला घोळात घेता? लेकरू केलो म्हणालंय न्‌. बास झालं.” आमच्या मते प्रमाणभाषा आणि बोली यांच्या वादात दिलेला हा सर्वांत संक्षिप्त निकाल होय.

इतिहासाच्या डाव्या पानावर प्रश्न वेगळा दिसतो, पण तोच आहे. ‘आपल्या गावाचा इतिहास दहा ओळींत लिहा’ हा प्रश्न पुस्तक काढणाऱ्याला सोपा वाटतो, कारण त्याचे गाव एका जागी राहिलेले असते. या घराचे तसे नाही. आजींचा जन्म १३५२ फसलीचा. निजामाच्या दरबारी सालात ५९० मिळवले की इसवी सन येते, असे आजी पुस्तक न उघडता सांगतात. (वर्ष ऑक्टोबरात सुरू होई आणि महिन्यांची नावे आजूर, दै, बहमन अशी असत. ही नावे चिरंजीवांना गेममधल्या राक्षसांची वाटली आणि म्हणूनच ती त्यांची पाठ आहेत.) आजी जन्मल्या तेव्हा हे घर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १७ सप्टेंबर १९४८ नंतर ते भारतातल्या हैदराबाद राज्यात आले. १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्यात, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. एवढे सगळे होईपर्यंत जिल्हा परभणी. १९९९ च्या मे महिन्यात तोही बदलला. दहा ओळींपैकी पाच पत्ता लिहिण्यातच गेल्या. “आमी हितंच हाव,” आजी म्हणाल्या, “सरकारंच येऊन-जाऊन ऱ्हायली.” हे वाक्य चिरंजीवांनी तसेच उतरवले. मातोश्रींनी ‘हाव’ खाली लाल रेघ ओढली, पण गुण कापले नाहीत.

‘भारत स्वतंत्र कधी झाला?’ या प्रश्नावर मात्र खालच्या खोलीत अपील चालले. चिरंजीवांनी १५ ऑगस्ट १९४७ लिहिले. मातोश्रींनी बरोबरची खूण केली. आजींनी चष्मा लावून खूण पाहिली आणि म्हणाल्या की त्या दिवशी हिंगोलीत कोणी झेंडा लावला असता तर आत टाकला असता. हिंगोलीचे स्वातंत्र्य तेरा महिन्यांनी उशिरा आले, हे मातोश्रींनाही माहीत आहे, १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन त्यांनी शाळेत असताना दरवर्षी केले आहे. पण प्रश्न भारताचा आहे, हिंगोलीचा नाही, असा त्यांचा युक्तिवाद. “मग हिंगोली कुटं व्हती?” हा आजींचा प्रतियुक्तिवाद. शेवटी दोन्ही तारखा लिहून घेतल्या आणि गुण अर्धा-अर्धा वाटला गेला. एका प्रश्नाला दोन अर्धे गुण मिळाल्यामुळे बेरीज एकच झाली, आणि कोण जिंकले ते वहीवरून कळत नाही.

याच पानावर ‘पोलीस अ‍ॅक्शन’ हा शब्द आहे. १३ ते १७ सप्टेंबर या पाच दिवसांच्या त्या कारवाईत पोलीस नव्हते, लष्कर होते. चिरंजीवांनी उजव्या पानावर बाण काढून विचारले की ‘पोलीस’ हे इथे विशेषण आहे का, आणि असेल तर विशेष्याशी जुळत का नाही. इतिहास आणि व्याकरण समोरासमोरच्या पानांवर ठेवण्याचा एवढा फायदा आम्हाला दुसरीकडे कुठे दिसलेला नाही. सरदार पटेलांच्या काळी हा प्रश्न कोणी विचारला असता तर उत्तर द्यायला मुत्सद्दीच लागला असता. मातोश्रींनी ‘विशेषनाम म्हणून घ्यावे’ असे लिहून प्रकरण मिटवले.

शहराच्या पेठांवर एक छोटी टीप होती. रिसाला म्हणजे घोडदळ, पलटण म्हणजे पायदळ. हिंगोलीत हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी होती, १९०३ साली ती फौज भारतीय लष्करात मिसळली, घोडे गेले आणि रिसाला बाजार राहिला. चिरंजीवांनी याला ‘लक्षणा’ म्हटले. आम्ही सहमत आहोत.

नामदेवांच्या पानाला मात्र थांबावे लागते. परंपरेने नामदेवांचे जन्मगाव म्हणजे आमचे कयाधूकाठचे नर्सी, इथून फार लांब नाही. त्यांचे गुरू विसोबा खेचर त्यांना भेटले ते औंढा नागनाथाला. गुरू पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. शिष्याने हरकत घेतली. गुरू म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. शिष्य पाय ठेवायला जागा शोधत राहिला. आमच्या मते जिल्ह्यातला हा पहिला नोंदलेला गृहपाठ : विद्यार्थी एक, शिक्षक एक, प्रश्न एक, आणि तो विद्यार्थ्याने स्वतःच सोडवला. नंतर कोणी त्याच्या वहीत ‘ळ’ काढला नाही. नामदेवांची एकसष्ट पदे पुढे गुरू ग्रंथसाहिबात गेली. इतक्या लांबच्या तपासनिसांनी मान्य केलेला गृहपाठ जिल्ह्यातून पुन्हा गेलेला नाही.

औंढ्याची दुसरी कथा व्याकरणाच्या पानावर आली. कीर्तन करू दिले नाही म्हणून नामदेव देवळामागे गेले, आणि देऊळ फिरले. ‘देऊळ फिरले’ याचा प्रयोग ओळखा, असा प्रश्न. अकर्मक कर्तरी, कर्ता देऊळ. चिरंजीवांचे उत्तर : “देवाने देऊळ फिरवले असे घेतल्यास कर्मणी, पण नामदेवाने देवाकडून देऊळ फिरवून घेतले असे घेतल्यास कर्ता कोण ते आईला विचारावे.” ‘ळ’ दोन वर्तुळांचे, अबोला धरलेले, शेवटपर्यंत. दोनशे पानांत एवढे एकच उत्तर पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत चिरंजीवांचे आहे, आणि त्याखाली तीन लाल प्रश्नचिन्हे आहेत.

वडिलांचा या सगळ्यात एकच आधार आहे, नरहर कुरुंदकर. कुरुंदकरांचे कुरुंदा वसमत तालुक्यातले. ते इंटरला एकदा नव्हे, अनेकदा नापास झाले आणि तरी मराठवाड्याने त्यांच्याएवढा वाचलेला माणूस क्वचित पाहिला, हे वडील दर रविवारी जेवताना सांगतात. या युक्तिवादात दोष असा की कुरुंदकरांच्या चरित्रातला फक्त सोपा भाग त्यात घेतलेला आहे.

आता उरलेल्या कामाविषयी. वरील सर्व पुरावे गृहपाठ झाल्यानंतरचे आहेत. प्रत्यक्ष लिहिण्याच्या क्षणी पेन कोणाच्या हाती होते हे सांगणारे साधन आजवर नव्हते. सुदैवाने ते याच जिल्ह्यात होत आहे. औंढा तालुक्यात दुधाळा इथे गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभारायला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली, खर्च सुमारे २६०० कोटी. तिचे दोन बाहू प्रत्येकी चार किलोमीटरचे असतील, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक पडला तरी तो कळेल. चिरंजीवांचे पेन आपण होऊन हलते त्या वेळी होणारी हालचाल साधारण याच श्रेणीत मोडते. दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळत नसतील अशा एखाद्या रविवारी हे यंत्र दोन तास आमच्या गल्लीकडे लावावे, असा विनंतीअर्ज आम्ही करणार आहोत. अर्ज अर्जदाराने स्वहस्ते लिहावा, अशी अट असेल असे गृहीत धरून मसुदा या आठवड्याचे पत्रलेखन म्हणून चिरंजीवांकडे दिला आहे. रविवारी रात्री नऊपर्यंत तो लिहून होईल, असे त्यांच्या मातोश्रींनी कळवले आहे.